आईला शिफ्ट करताना

आमच्या घरात शिफ्ट हा शब्द माझ्याही आधीपासून राहायला आहे. बाबा कोलशेतच्या कंपनीत होते. त्यांची नाइट असली की आम्ही भावंडं दिवसभर दबक्या आवाजात भांडायचो आणि आई भांडी घासायची ती सुद्धा चोरासारखी. पुढे टायपिंगच्या क्लासमध्ये करंगळीखाली शिफ्ट आली. ती दाबली की अक्षर मोठं व्हायचं, एवढंच काय ते सुख त्या शब्दाने मला दिलं. बाबांच्या शेवटच्या आजारात 'आयसीयूत शिफ्ट करतोय' हे ऐकलं. 'वॉर्डात शिफ्ट केलंय' हे ऐकायची वाट बघत बाकड्यावर बसून राहिले, पण ते कुणी म्हणालं नाही.

आता कोपरीची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. आई तिथे एकटीच राहायची. शहाडहून भाऊ आला, चहा घेतला आणि मला म्हणाला, "ताई, आईला तुझ्याकडे शिफ्ट करूया. बिल्डिंग होईपर्यंत. माझ्याकडे जागा कुठेय?"

जसं काही कपाट हलवायचं होतं. मला राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं आणि ऑफिस, घर, स्वयंपाक यातून ते उरलेलं नसतं. शिवाय आई माझ्याकडेच यावी असं मला मनापासून वाटत होतं. ती येईल असं मात्र वाटत नव्हतं.

अडचण देवांची होती. आमच्यात कुळाचे चांदीचे टाक मुलाच्या घरी जातात, लेकीच्या नाही. आणि आई त्या देवांना सोडून कधी राहिलेली नाही. माझ्या बाळंतपणातसुद्धा दिवेलागणीच्या आत ती कोपरीला परत जायची. देव शहाडला जाणार, म्हणजे त्यांच्यामागे आईही जाणार आणि तिथे हॉलमधल्या सोफ्यावर अंग चोरून झोपणार, हे मी धरूनच चालले होते.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला. आईने देवांपुढे सुपारी ठेवली, हात जोडून 'चला' म्हणाली, टाक ताम्हनात ठेवून वर लाल कापड घातलं आणि ताम्हन भावाच्या हातात दिलं. त्याने कोपराने गाडीचं दार उघडलं.

"बस, आई."

"तू हो पुढे. मी ताईकडे जाते."

"अगं, पण देव?"

"ते तुझ्याकडेच. त्यांचं फळीवर भागतं रे. मला पाय पसरायला जागा लागते."

भाऊ मान खाली घालून गाडीत बसला. मला त्याची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्ही दोघी रिक्षाने कोलशेतला माझ्या घरी आलो.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. दिवे लागायच्या वेळेला ती सवयीने उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि माझ्या देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हे तुझ्या सासरचे," ती म्हणाली. "यांच्याशी मी काय बोलू गं?"

पिठाच्या हातानेच मी तिला काडेपेटी दिली.