त्याच्या आधी?

बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा त्यांची तर्जनी हवेत उलटी फिरायची, घड्याळाचे काटे मागे सारावेत तशी. सोबत दोनच शब्द, "त्याच्या आधी?"

घाटकोपरच्या डोंगराखाली आमचा छोटा दवाखाना होता. बाई तिथल्या डॉक्टर, मी लस टोचणारा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वरच्या वस्तीत एखादं मूल दगावलं की बाई थोडे दिवस जाऊ द्यायच्या आणि मग त्या घरी जायच्या. दिलेला चहा प्यायच्या. आईला शेवटापासून मागे मागे नेत विचारायच्या. मूल गेलं, त्याच्या आधी काय झालं? त्याच्याही आधी? शनिवारी तीच हकीगत आम्हा सगळ्यांपुढे ठेवायच्या आणि बजावायच्या, "कुणाचं चुकलं ते नकोय मला. पुढचं पोर कशानं वाचेल ते सांगा."

आम्ही त्यांची नक्कल करायचो. कुणाचा चहा सांडला तरी आमची आयाबाई बोट फिरवून विचारायची, "त्याच्या आधी?" एकदा बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, उलटं फिरव. हे तर सुलटं झालं."

हीच आयाबाई एका शनिवारी रडत म्हणाली की जुलाबाचं बाळ घेऊन आलेल्या एकीला तिने जेवणाची सुट्टी म्हणून परत पाठवलं होतं. आम्हाला वाटलं, हिची नोकरी गेली. बाईंनी तिला प्यायला पाणी दिलं, आणि सोमवारपासून जेवणाच्या वेळेतही दार उघडं राहू लागलं. म्हणजे बाईंपुढे खरं बोलणाऱ्याचं काय होतं, हे मी पाहिलं होतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मला सबब नको.

गोवराची लस तेव्हा आमच्याकडे नवी होती. ती ठेवायचा फ्रिज माझ्या ताब्यात. दवाखान्यात दरवर्षी सत्यनारायण असायचा. त्या वर्षी पूजेमागे रंगीत दिव्यांची माळ सोडायची हौस मला आली. खोलीत प्लगची जागा एकच, फ्रिजची. मी फ्रिजचा प्लग काढला, माळ लावली, आरती म्हटली, शिरा खाल्ला आणि कुलूप घालून घरी गेलो. मधे रविवार. सोमवारी दार उघडलं तर माळ अजून लुकलुकत होती आणि फ्रिजखाली पाण्याचं थारोळं.

ही लस गार राहिली नाही तर तिचं नुसतं पाणी होतं, हे मला शिकवलेलं होतं. बाहेर बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. मी फरशी पुसली, फ्रिज चालू केला आणि टोचायला बसलो.

काही महिन्यांनी वस्तीतली एक मुलगी गोवराने गेली. तिची आई मालवणकडची, बोलणं थेट माझ्या आईसारखं. मला ती गाववाले म्हणायची. बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा मी सोबत होतो. बोट फिरू लागलं. मुलगी गेली, त्याच्या आधी धाप लागली, त्याच्या आधी ताप, अंगभर पुरळ. मग लगेच का नाही आणलंस, बाईंनी हळूच विचारलं.

"सुई टोचलली ना, म्हणान माका वाटला, गोवर नसतलो. उष्णता असतली."

"कसली सुई?"

"गोवराचीच. ह्या गाववाल्यांनी टोचल्यानी. तिचो हात मी धरललो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हिचा घोटाळा होतोय, ती सुई दुसरी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणतास तर तसाच असतला." तिचा नवरा दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. पुढे तो तिला चारचौघांत काय काय बोलायचा, ते माझ्या कानावर यायचं.

शनिवारी ठरलं की बायकांना सुयांमधला फरक कळत नाही, तेव्हा तो नीट समजावून सांगायचा. सगळे गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "परब, त्याच्या आधी?"

"काही नाही, बाई."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या सोमवारी टोचलेल्या बाकीच्या मुलांना तेव्हाही पुन्हा टोचता आलं असतं. त्यांचं पुढे काय झालं, हे बघायला मी वस्तीत गेलो नाही.

पुढच्या सत्यनारायणाला बाई घरून समई घेऊन आल्या. माळ नको म्हणाल्या. त्यांना कळलं होतं का, हा विचार मी वर्षानुवर्षं केला. पण कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या पोरांना गोळा केलं असतं. म्हणजे त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तेच जास्त लागतं.

बाई मालाडला, लेकीकडे वारल्या. त्यांच्या दिवसांना आम्ही जुनी माणसं जमलो होतो. म्हाताऱ्या आयाबाईने बोट फिरवून दाखवलं, बरोबर उलटं, आणि सगळे हसता हसता रडले. मी चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर गेलो. डोंगरावरचं ते घर आता नाही, ती आई कुठे गेली कुणाला ठाऊक नाही.

म्हणून तुमच्यासमोर सांगतो. मुलगी गेली. त्याच्या आधी तिला गोवर आला. त्याच्या आधी तिच्या आईने तिला वेळेवर आणलं होतं, मांडीवर घेतलं होतं, हात धरला होता. सुई गोवराचीच होती. त्याच्या आधी मी प्लग काढला होता.

त्याच्या आधी काही नाही, बाई.