भागूदादांच्या तीन कॅसेटी

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी भागुराम मोहिते हे नाव घेतो. आई हयात असताना तिच्यासमोरही घेत असे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या अंगाला आमची बौद्धवाडी आहे, तिथे ते आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायचे आणि ट्रंपेट वाजवायचे. गेल्या महिन्यात एका दुपारी हसनचा फोन आला. हसन म्हणजे शेजारच्या मोहल्ल्यातला माझा जुना मित्र. "सुभाष, बसलायस का?" एवढंच त्याने विचारलं आणि मला कळलं. पूर्वी गावाकडून अशी बातमी आली की मी पिशवी भरून एस.टी. गाठायचो. या वेळी फोन ठेवला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो... बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला, मग गारच प्यालो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओसरीवर भागूदादांच्या बायको, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "उशीर केलास रं. पन धावत येऊन तरी काय करनार होतास. बस." मी बसलो. सहा तासांच्या प्रवासाने पाय सुजले होते, आणि त्या घरात पहिल्यांदाच कोणी खोकत नव्हतं.

तो खोकला त्यांनी मुंबईहून आणला होता. गिरणीत कापसाच्या धुळीत बरीच वर्षं काढली, संध्याकाळी लालबागेतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट शिकले, आणि गिरणी बंद पडल्यावर एक ट्रंपेट, एक जुना क्लार्नेट आणि हा खोकला घेऊन गावी परत आले. आल्या आल्या त्यांनी वाडीत बेंजो पार्टी उभी केली. आमच्याकडच्या वराती ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: एक बेंजो, ढोल, ताशा, खुळखुळा, आणि पुढे नाचणारे लोक. आमच्या पार्टीत ट्रंपेट आणि क्लार्नेट होते, ही आमची मिजास. चाल एकदम जलद असायची. दादा ट्रंपेट कधीच ढोलाच्या ठोक्यावर वाजवायचे नाहीत, ठोका पडून गेला की त्याच्या पाठीवर तुटक फुंकर मारायचे. "ढोल पाय उचलाय सांगतो," ते म्हणायचे, "आपुन कंबर हलवाय सांगायचं." मी अकरावीत होतो तेव्हा त्यांनी क्लार्नेट माझ्या हातात दिला. मला काय येतं म्हणून मी संकोचाने विचारलं. "काय येत नाय तुला," ते म्हणाले, "पन पुढचे दात शाबूत असलेला वाडीत तूच हायस. क्लार्नेटला तेवढं लागतं." ट्रंपेटने उचल द्यायची आणि क्लार्नेटने चाल पुढे न्यायची, अशी त्यांची बांधणी होती. त्यांनी स्वतः एक चाल रचली होती, तिच्यात तर मधला मोठा भाग एकट्या क्लार्नेटचा होता. तो त्यांनी मला ओळीने बसवून शिकवला. त्या चालीला नाव नव्हतं. आम्ही तिला नुसती 'दादांची' म्हणायचो.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. हसनचा भाऊ दुबईहून रेडिओ-टेपचा टू-इन-वन घेऊन आला आणि आपली कॅसेट काढायची हे दादांच्या डोक्यात बसलं. पहिली कॅसेट दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या वर्गात भरली. टेप एकच, माईक त्याच्या पोटातच. त्यामुळे कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा बारीक, हे माणसं लांब-जवळ उभी करूनच ठरवायचं. बेंजो टेपच्या नाकासमोर, मी बाकांच्या दुसऱ्या रांगेत, दादा भिंतीकडे तोंड करून, आणि ढोलवाले किसनकाका थेट बाहेर, मैदानातल्या फणसाखाली. ते खिडकीतून आमच्याकडे बघत वाजवायचे. हसनने बटण दाबलं, आम्ही सुरू झालो, रंग चढला... आणि आम्ही थांबतच नव्हतो. थांबायचं कसं, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. वरातीतलं गाणं नवरा मांडवाच्या दारात पोचला की संपतं, ते आपण होऊन कधी संपवावं लागत नाही. शेवटी हसन हात हलवत मधे आला. "अरे, टेप कधीच संपली. कोणासाठी वाजवताय?"

किसनकाका मैदानातून ओरडले, "नवरा खंय हाय? नवऱ्याबिगर थांबनार कसं?"

दादा हसनला म्हणाले, "मग तू हो नवरा." पुढच्या सगळ्या गाण्यांना तसंच केलं. हसनने बटण दाबायचं, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभं राहायचं, आणि गाणं पुरेसं झालं असं वाटलं की सावकाश चालत वर्गाच्या दारात यायचं. तो उंबऱ्यावर आला की आम्ही थांबायचो. त्या कॅसेटमध्ये प्रत्येक गाण्याच्या शेवटी हसनच्या चपला वाजताना ऐकू येतात. शेवटच्या गाण्याला तो कंटाळून नुसता दारातच उभा राहिला, तेव्हा दादांनी त्याला दटावलं, "नीट चालत ये. नवरी पळून नाय जानार."

चिपळूणच्या एका कॅसेटवाल्याने तिच्या प्रती काढल्या. वरच्या कागदावर आमच्या वाडीचं नाव छापलं होतं. चहाच्या टपरीवर, लग्नघरात, चिपळूणच्या स्टँडावर आम्ही ती स्वतःच्या कानांनी ऐकली. त्याच कॅसेटवाल्याने मग निरोप आणला, की मुंबईची एक कंपनी घ्यायला तयार आहे, फक्त वाडीचं नाव काढा आणि सिनेमाच्या चाली वाजवा. ज्या लग्नांत आम्ही वाजवायचो त्यांतल्या काही घरी आमची पंगत मांडवाच्या बाहेर, वेगळी बसायची. तिथेही दादा गुपचूप जेवून उठायचे. या निरोपावर मात्र ते लगेच बोलले. "नाव काढलं तर वाजवलं कोनी?" तेवढ्यावर तो विषय मिटला.

दुसरी कॅसेट विकायला गेलीच नाही. दगडी भिंतींत आवाजाला वजन येतं असं दादांना मुंबईत कोणीतरी सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही सगळी वाद्यं टेम्पोत घालून अंजनवेलच्या गोपाळगडावर गेलो. दिवसभर वाजवलं. घरी येऊन ऐकलं तर टेपभर समुद्राचा वारा, आणि त्याच्या पार मागे, कुणाची तरी वरात दुसऱ्या गावातून चाललेली असावी तसे आम्ही. किसनकाका महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "आमी वाऱ्याला साथ द्याला गेलो होतो." दादांना ती कॅसेट का कोण जाणे, आवडायची. घरी एकटे असले की तीच लावायचे.

मग माझा बारावीचा निकाल लागला. आमच्या वाडीतून तोवर बारावीच्या पुढे कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील मुंबईला, ते पत्रातून म्हणाले, भागू सांगेल तसं कर. इकडे पुढच्या लग्नसराईची बोलणी झालेली, आणि तिसऱ्या कॅसेटसाठी चिपळूणच्या त्याच कॅसेटवाल्याने दुकानामागची खोली, दोन माईक असं सगळं देऊ केलेलं. त्या उन्हाळ्यात प्रश्न एकच होता. मी रत्नागिरीला कॉलेजात गेलो तर पार्टीचं काय, आणि पार्टीत राहिलो तर माझं काय. दादांच्या ओसरीवर सगळे जमले. किसनकाका म्हणाले, "क्लार्नेट गेला म्हंजे चाल गेली. ऱ्हायला नुसता धिंगाना."

"धिंगान्यावर पन लोक नाचतात, किसन."

"मग कशाला आमाला सूर शिकवत बसलास? गिरनीतून आलास तसा गप पडून ऱ्हायाचास."

दादांना खोकल्याची उबळ आली. मी मधेच म्हणालो, की मी शनिवार-रविवारी येत जाईन, लग्नं तर तेव्हाच असतात. मला वाटलं, सगळ्यांची सोय झाली. दादा माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "नको. तू येशील, नि मग सोमवारी मी तुला सोडनार नाय. मना माजाच भरोसा नाय." ते उठले, माझ्या हातातला क्लार्नेट घेतला, फडक्यात गुंडाळला आणि आत नेऊन ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. "ह्यो हितंच ऱ्हाईल. तू रत्नांग्रीला जा." किसनकाका ढोल उचलून घरी गेले. बरेच दिवस ते दादांशी बोलत नव्हते.

मी गेलो. पदवीधर झालो, हायस्कूलात मास्तर झालो, घाटावरच नोकरी केली, घाटावरच निवृत्त झालो. त्या ओसरीवर दादांनी दुसरं काही ठरवलं असतं तर मी आज कुठे असतो, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. आता करत नाही. थकायला होतं.

तिसरी कॅसेट त्यांनी माझ्याशिवाय भरली आणि एस.टी.च्या कंडक्टरबरोबर होस्टेलवर पाठवली. ती सगळ्यांत स्वच्छ निघाली होती. गाणी जिथल्या तिथे संपत होती. दादांच्या चालीपर्यंत आलो. ट्रंपेटने उचल दिली, आणि पुढे क्लार्नेटचा भाग जिथे सुरू व्हायचा तिथे कोणीच आलं नाही. बेंजोने तो भाग सहज वाजवला असता. दादांनी त्याला वाजवू दिलं नव्हतं. तो सगळा वेळ नुसता ढोल चालला, आणि माझा भाग जेवढा लांब तेवढा झाल्यावर ट्रंपेट परत आला. मी रात्रीच्या जेवणाला न जाता दादांना पत्र लिहायला बसलो.

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत किसनकाकांच्या मुलाच्या, दिनेशच्या हातात क्लार्नेट होता, असं हसनने कळवलं. वाचून बरं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही. पुढे सुट्टीत भेटलो तेव्हा दादा "पत्र मिळालं" एवढंच म्हणाले आणि अभ्यासाचं विचारू लागले. चौथी कॅसेट कधी झाली नाही. त्यांचा दम कमी होत गेला, मग ट्रंपेट तोंडाला लावणंच बंद झालं, आणि काही वर्षांनी वरातीत मोठे स्पीकर लावलेले टेम्पो आले. त्या भेटीत वहिनींनी तिन्ही कॅसेटी माझ्यासमोर ठेवल्या, पण लावायला यंत्र आता कोणाकडेच नाही. हसन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आपल्याला पाठ हायत." मी घरी आलो आणि जुन्या फायलीतून त्या पत्राचा कच्चा खर्डा शोधून काढला. तो असा:

'ती. भागूदादा यांस, सप्रेम जयभीम.

कॅसेट मिळाली. खोलीतल्या मित्राच्या टेपवर ऐकली. तुमच्या चालीत माझा भाग आला तेव्हा तो मित्र म्हणाला, कॅसेट बिघडलेली दिसते. मी त्याला काही सांगितलं नाही.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा ऐकताना मला फार आनंद झाला. मग परत लावली तेव्हा किसनकाकांचा ढोल ऐकला. दादा, ते तिथे एकटे पडले आहेत. त्यांचा हात घाईने चालला आहे, कधी एकदा तुम्ही परत येता असं त्यांना झालं असावं. तुम्ही माझी वाट बघता आणि ओझं त्यांच्यावर पडतं.

मी परत येणार नाही. पदवी झाली की नोकरी बघेन, ती कुठे मिळेल माहीत नाही. हे मला तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो. तुम्ही ट्रंक उघडा आणि क्लार्नेट दिनेशला द्या. तो माझ्यापेक्षा बरा वाजवेल. पावसात तोंडाकडची रीड फुगते, ती डब्यात ठेवायला सांगा.

वहिनींना नमस्कार. खोकल्याचं औषध वेळेवर घ्या.

पुढची कॅसेट झाली की मला पाठवा. मी ती याच मित्राला ऐकवेन. तो म्हणेल, आता नीट वाजते.

तुमचा,
सुभाष'