लिडियाबाईंचे छत्तीस जिन्नस

लिडियाबाई आढाव यांच्यावर मी खोटेपणाचा आळ घेतला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि नुकताच मानसशास्त्रात एम.ए. झालो होतो. म्हणजे मला सगळंच कळत होतं.

साल एकोणीसशे एकोणसाठ. पुण्यात मी ज्या सरांच्या हाताखाली काम करत होतो, ते परदेशातून एक नवी पद्धत शिकून आले होते. माणसाला आतून काय वाटतं ते शोधायची पद्धत. आधीच्या पाहण्यांत शंभर बायकांना एक प्रश्न विचारायचा, साठ हो म्हणाल्या, चाळीस नाही म्हणाल्या, की संपलं काम. सर म्हणायचे, यात बाई कुठे दिसते? नुसती डोकी दिसतात. नव्या पद्धतीत एकाच बाईपुढे छत्तीस वाक्यं ठेवायची. लेकीला शाळेत घालावं. सासूच्या शब्दाबाहेर जाऊ नये. बाळंतपण दवाखान्यात व्हावं. अशी घरसंसाराची वाक्यं, एकेका चिठ्ठीवर एकेक. मग त्या चिठ्ठ्या तिनं नऊ घरांत लावायच्या. एका टोकाच्या घरात सगळ्यात पटणाऱ्या फक्त दोन, दुसऱ्या टोकाला अजिबात न पटणाऱ्या फक्त दोन, आणि मधल्या घरांत बाकीच्या. सगळंच चांगलं म्हणून सुटका नाही. कशाच्या वर काय, ते ठरवावंच लागतं. ती मांडणी आकड्यांत उतरवली की दोन बायकांची मनं किती जुळतात तेही गणितानं काढता येतं. आकडा एकाच्या जवळ आला तर मनं सारखी, शून्य आला तर काही संबंध नाही, उणे आला तर एकीची पूर्व ती दुसरीची पश्चिम.

दुसऱ्या गावांत बायकांसमोर कॉलेजची पोरं बसवून चाललं नव्हतं, म्हणून वरवंड गावासाठी सरांनी लिडियाबाईंना घेतलं. त्या शिरूरच्या मिशनच्या आवारात राहायच्या आणि तिथल्या एका शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायच्या. चाळिशीच्या, विधवा, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मे महिन्याच्या सुट्टीत न्हावरा, चौफुला करत एस.टी.नं वरवंडला आल्या आणि एक खोली घेऊन राहिल्या. पंधरवड्यात त्यांनी एकवीस बायकांचे कागद पाठवले.

ते कागद बघून माझं डोकं फिरलं. एकवीसपैकी एकाही बाईला वाचता येत नव्हतं आणि एकाही कागदात चूक नव्हती. दुसऱ्या गावांतून पोरांनी आणलेले निम्मे कागद बाद होते. कुणी एका घरात नऊ चिठ्ठ्या कोंबलेल्या, कुणाच्या सहा हरवलेल्या. आणि इथं प्रत्येक घरात जितक्या हव्यात तितक्या. त्यावर कडी म्हणजे अकरा आणि बारा नंबरचे कागद. आमचं हातानं फिरवायचं गणकयंत्र घरघरवून मी आकडा काढला, तो जवळजवळ एक. दोन बायकांची मनं इतकी सारखी असतील तर त्यातली एक बाई जगात नाही, असं मी सरांना ऐटीत सांगितलं. बाई खोलीवर बसून कागद भरतात, दुसरं काय.

सर म्हणाले, "जाऊन पाहा. त्यातल्याच पाच जणींकडून पुन्हा मांडून घ्या. मी बाईंना कळवतो."

इथवर ठीक होतं. पण मला दम कुठला? जायच्या आधीच मी लिडियाबाईंच्या शाळेला पत्र टाकून मोकळा झालो, की आपल्या शिक्षिकेचं काम संशयास्पद वाटतं, चौकशी चालू आहे. शाळेनं त्यांना कळवलं की जून लागायच्या आत पुण्याच्या संस्थेकडून काम खरं असल्याचं स्वच्छ पत्र आणा, नाहीतर वर्गावर येऊ नका. उतावळा नवरा म्हणतात तसा मी उतावळा संशोधक, आणि बाशिंग माझ्या गुडघ्याला असलं तरी भाकरी दुसऱ्याची जात होती.

मी वरवंडला उतरलो तेव्हा त्या फाट्यावर उन्हात उभ्या होत्या. मला वाटलं रडतील, नाहीतर भांडतील. त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या. मग कुठल्या पाच बाया हव्यात ते सांगा."

खोलीवर त्यांनी एक बटवा जमिनीवर पालथा केला. त्यातून हळकुंड निघालं, खडू निघाला, किल्ली, चिंचोका, बांगडीचा तुकडा, कापसाचा बोळा, मक्याचा दाणा, एस.टी.चं जुनं तिकीट. छत्तीस जिन्नस.

"चिठ्ठ्या कुठंयत?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या वाचून दाखवल्या तर पाचवीला पहिली विसरतात. म्हणून पहिल्याच दिवशी पाचसहा जणींना एकेक वाक्य सांगितलं आणि विचारलं, ह्याला काय ठेवू? त्यांनीच ठरवलं. लग्नाचं हळकुंड, शाळेचा खडू, माहेरचं तिकीट, दवाखान्याचा कापूस. आता अख्ख्या आळीला पाठ आहेत."

सारवलेल्या जमिनीवर त्यांनी कोळशानं नऊ घरं आखली आणि प्रत्येक घरात जितके जिन्नस हवेत तेवढेच ठिपके दिले. ठिपक्यावर एक जिन्नस. ठिपके संपले की घर भरलं. चूक होणार कुठून? पहिलीच्या पोरांना शिकवणाऱ्या बाईला जे सुचलं ते आम्हा एम.ए. लोकांना सुचलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पुण्याचा.

दुपारभर आम्ही फिरलो. उन्हाळ्याची वाळवणं चालली होती, बायका कुरडयांच्या चाळण्या बाजूला सारून बसायच्या आणि भराभर मांडायच्या. सरदारबीच्या अंगणात मांडणी ऐन रंगात असताना कोंबडी आली आणि मक्याचा दाणा गिळून गेली. तो दाणा म्हणजे 'नवऱ्याच्या आधी जेवू नये'.

"गेला तर जाऊ द्या," सरदारबी म्हणाली. "तसंबी मी त्याला पार शेवटच्या घरात घालणार हुते."

लिडियाबाईंनी सुपातून दुसरा दाणा घेतला, गंभीरपणे शेवटच्या घरात ठेवला आणि कागदावर नोंद केली. मी जुना कागद काढला. तिथंही तो शेवटच्याच घरात होता. मी म्हणालो, मागच्यासारखंच केलंत की.

"मग? मन काय लुगडं हाय व्हय, रोज बदलाया?"

चौघींची मांडणी झाली. मी ओट्यावर बसून प्रत्येकीचा जुना कागद नव्याशी ताडून हातानंच आकडे काढले. चारही एकाच्या जवळ. पण अजून बारा नंबर बाकी होता. बारा नंबर साखरबाई. अकरा नंबर तिची सासू सगुणाबाई. तेच ते जुळे कागद.

सगुणाबाई त्या दिवशी भांडगावला लेकीकडे गेल्या होत्या. साखरबाई विशीची, कडेवर दीड वर्षाची पोर. मला बघून तिनं पदर पुढं ओढला.

"साहेब, तुम्ही उंबऱ्यावर पाठ करून बसा," लिडियाबाई म्हणाल्या.

"मला बघायचंय. त्यासाठीच आलोय."

"तुम्ही बघत बसलात तर तो तुमचा कागद होईल, तिचा नव्हे. मी पण लांब बसते, हवं तर माझ्याकडं बघा."

मी पाठ केली. लिडियाबाई माझ्यासमोर अंगणात लिंबाखाली येऊन बसल्या, म्हणजे त्यांना मांडणीला बोट लावायलाही जागा राहिली नाही. आत बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग एकेक जिन्नस खाली ठेवल्याचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग न थांबता. पोर मध्ये रडली, तिला गप्प केल्याचं ऐकू आलं, आणि परत आवाज.

"झालं," साखरबाई आतून म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. सगळ्यात पटणाऱ्या घरात खडू आणि माहेरचं तिकीट. अजिबात न पटणाऱ्या घरात सासूच्या शब्दाचा चिंचोका. जुना कागद काढला, तर त्यात चिंचोका सगळ्यात वर आणि खडू तळाला. आकडा काढला. चक्क उणे.

खरं सांगतो, मला आनंद झाला. चोर सापडल्याचा आनंद. ओट्यावर येऊन मी बोललोच, "बघा बाई. तीच बाई, दोन कागद, आणि एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. पहिला कागद साखरबाईचा नाही, हे तरी कबूल करा."

"कबूल आहे," लिडियाबाई म्हणाल्या. "मी तर तेव्हाच लिहून पाठवलं होतं."

"कुठं?"

"कागद उलटा करा."

मी उलटा केला. मागे पेन्सिलीनं, पहिलीच्या पाटीवर काढावं तसं ठसठशीत अक्षर होतं. 'सासूबाई शेजारी बसून होत्या. उठायला तयार झाल्या नाहीत. बारा नंबर प्रत्येक जिन्नस ठेवण्याआधी त्यांच्याकडे बघत होती. हा कागद बारा नंबरचा धरू नये, अकरा नंबरचाच दुसऱ्यांदा आला असे समजावे. पुन्हा घेण्याची परवानगी मिळावी.'

मी पिशवीतले बाकीचे कागद काढले. प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी होतं. कोण मांडताना हसली, कुणी कुठला जिन्नस तीनदा उचलून परत ठेवला, कोण तापात होती. आठवडाभर ते कागद माझ्या टेबलावर होते आणि एकही मी उलटला नव्हता. पुढच्या बाजूला शेऱ्यासाठी जागाच आम्ही छापली नव्हती, आणि मागे काही छापलेलं नाही म्हणजे मागे काही असणार नाही, असं माझं शास्त्र.

गणकयंत्रानं मला बरोबरच सांगितलं होतं. अकरा आणि बारा ही एकच बाई होती. फक्त ती लिडियाबाईंच्या खोलीत बनली नव्हती, त्या घरात बनली होती. आणि ते बघायला यंत्र लागलं नव्हतं, लिडियाबाईंना नुसतं समोर बसून दिसलं होतं. मला लाज वाटली आणि मी ते कागद मागची बाजू वर करून एकावर एक लावले.

साखरबाई दारात आली होती. "बाई, ह्यो कागद आत्याबायस्नी दावणार न्हाई ना?"

"कागदावर नाव नाही, नुसता आकडा आहे," लिडियाबाई म्हणाल्या. "आणि ह्या साहेबांना नावं लक्षात राहत नाहीत. काय साहेब?"

"नाही राहत," मी म्हणालो. गावाचं आणि तिचं नाव इथंही मी बदलून लिहायला हवं होतं, पण आता सासूही नाही आणि तिला कुणाची भीतीही राहिलेली नाही, असं तिनंच मला कळवलंय.

पुढचं थोडक्यात सांगतो. सरांनी आमचा छापील कागदच बदलला, मागची बाजू शेऱ्यासाठी ठेवली आणि बटव्याची पद्धत इतर गावांत नेली. लिडियाबाई जूनमध्ये वर्गावर हजर झाल्या आणि पुढं सतरा वर्षं पहिलीचा वर्ग त्यांच्याकडेच राहिला. मी नंतर पुष्कळ विद्वान पाहिले. समोरच्या माणसाला त्याचं मन मांडू द्यायचं आणि आपण लिंबाखाली जाऊन बसायचं, हे जमणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

पण शाळेला द्यायचं ते स्वच्छ पत्र मला त्याच संध्याकाळी लिहावं लागलं, त्यांच्या खोलीवर, ट्रंकेवर कागद ठेवून. मी लिहिलं, 'सदर कागदपत्रांची फेरतपासणी केली असता ती समाधानकारक आढळली. तरी पूर्वीचे पत्र रद्द समजावे.' खाली सही केली आणि दिलं.

लिडियाबाईंनी चष्मा नीट करून ते वाचलं. मग उलटून मागं बघितलं. मागं कोरं होतं. त्यांनी पत्र तसंच उलटं माझ्यासमोर ट्रंकेवर ठेवलं आणि चहाचं आधण बघायला गेल्या.

त्या येईपर्यंत मी मागच्या बाजूला लिहिलं, 'बाईंनी सगळं खरं लिहून पाठवलं होतं. मी कागद उलटून पाहिला नाही आणि त्यांच्यावर आळ घेतला. चूक माझी आहे, त्यांची मुळीच नाही.'

त्यांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली, मागची बाजू वाचली, पत्राची घडी केली आणि शाळेत न्यायला बटव्यात त्या छत्तीस जिनसांबरोबर ठेवली.

"आता हा कागद तुमचा झाला," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."