माहेरी गेलेल्या बायका

हरेश्वर राऊत आमच्या संस्थेचे कारकून. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानं मोजणारा माणूस. १९७८ साली संस्थेच्या पाच दवाखान्यांनी गरोदर बायकांना सूज उतरवणारी नवी गोळी देऊन पाहिली. एकेका दवाखान्यातल्या मोजक्या बायकांवरून काही ठरेना, म्हणून पाचही वह्या एकत्र जुळवायचं काम हरेश्वरभाऊंकडे आलं. गोळी सगळ्या गावांना द्यायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

मी चंदनसारच्या दवाखान्यातली नर्स. भाऊ माझी वही न्यायला आले तेव्हा त्यांनी लगेच गोम पकडली. दुसऱ्या दवाखान्याच्या गावची, आचोळ्याची सून सातव्या महिन्यात माहेरी चंदनसारला येते आणि दोन्ही वह्यांत तिचं नाव चढतं.

"एक बाई दोनदा मोजली तर हसं होईल आपलं, लुसीबाय."

नाव, नवरा, घर ताडून त्यांनी माहेरच्या वहीतली ओळ लाल पेन्सिलीने खोडली. माझ्या अशा नऊ ओळी गेल्या. सासरच्या वहीत त्या बायकांपुढे नुसतं 'माहेरी गेली' होतं. बाळंतपणाचा निकाल नाही म्हणून त्या तिथूनही गळल्या. निकाल माझ्याच वहीत होता. नऊपैकी चौघींची मुलं मेलेली जन्मली होती.

हे मला ठाऊक होतं. एवढ्या हुशार माणसाला मी काय शिकवणार, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर त्यांच्या रागाला भ्याले.

एकत्रित निकाल छान आला, गोळी निर्धोक ठरली. डबे गावोगाव गेले.

पुढच्या वर्षी त्यांची लेक द्वारका पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिचे पाय सुजले होते. भाऊ स्वतः गोळ्या न्यायला आले आणि मी त्या पुडीत बांधून दिल्या.

मूल गेलं. गोळीनेच गेलं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण महिन्याने भाऊ माझ्याकडे परत आलेली जुनी वही मागायला आले आणि खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेले.

"मी नुसती नावं बघितली," ते म्हणाले. "पुढचं वाचलंच नाय."

पाचही वह्या त्यांनी नव्याने जुळवल्या. या वेळी प्रत्येक माहेरवाशिणीचा निकाल शोधून तिच्या नावापुढे लिहिला. गोळी बंद झाली. दुरुस्तीच्या कागदाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'चूक सर्वस्वी माझी.' तो कागद संस्थेत नेऊन देण्यासाठी त्यांनी माझ्याच हातात दिला. मी तो तसाच नेऊन दिला; मला आधीपासून ठाऊक होतं, हे त्याखाली लिहिलं नाही.