मुहूर्तावर घेतलेला टॅक्स

पोलिसातल्या नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळल्या आहेत, पण उज्जैनची ही एक जशीच्या तशी आठवते. आमच्या खबऱ्याने येऊन सांगितलं, "सर, देवास गेट पर एक आदमी पीएफ निकलवाता है. टैक्स मुहूर्त देखकर लेता है." मुहूर्त बघून कर घेणारं सरकार मी तरी पाहिलं नव्हतं. त्या एजंटाला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

माणूस नम्र, कपाळावर गंध. "टैक्स तो सबको लगता है, साहब," एवढंच पालुपद. त्याच्याकडे घरासाठी पीएफ काढू पाहणाऱ्या सहा जणांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स निघाल्या. सहाही जणांना फोन केले, तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. फिर्यादीशिवाय त्याला किती वेळ बसवणार? मी जाम वैतागलो.

जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "रजिस्ट्रीच्या आधी घराचं कोण बोलतं? नजर लागते." आमच्या फ्लॅटचं तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांना एकाच वेळी बोलावलं. व्हरांड्यात एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका समोरासमोर आल्या.

"अगं, तू पण?"

त्यातल्या धाकटीला रडू आवरेना. "साहेब, पहिलंच मकान आहे. महिन्याभरात बाकी रक्कम नाही दिली तर आगाऊ दिलेला बयाना डूबेल. तो म्हणाला, नोकरीला पाच साल नाही झाले, आधी टॅक्स मुहूर्तावर रोख भरा. आणि काम होईपर्यंत कुणाला बोलू नका, नजर लागते."

मलाही नियम ठाऊक नव्हता. पीएफ कार्यालयात फोन लावला. तिथले अधिकारी बाईंचं खातं बघून म्हणाले, "कर लागलाच तर आम्ही कापतो, रोख कुणी घेत नाही. आणि बाईंच्या आधीच्या शाळेची चार वर्षंही धरली जातील. जुनं खातं नव्याला जोडा, पाच वर्षं कधीच पूर्ण झाली आहेत."

सहा जणांसमोर उभं केल्यावर एजंटाचं पालुपद थांबलं. अर्ज त्याने भरलेच नव्हते. गुन्हा नोंदवला, घरातून रोकड जप्त झाली. कोर्टामार्फत ती ज्याची त्याला मिळाली.

बाईंच्या खात्यात पीएफ जमा झाला, तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. त्या पेढे घेऊन ठाण्यात आल्या. रजिस्ट्री अजून व्हायची होती. हवालदाराने चिडवलं, "मॅडम, नजर लागेल ना."

"लागू द्या. आम्ही दोघी रोज एका टेबलावर डबा खात होतो, साहेब. एक शब्द बोललो असतो तर?"

त्या माणसाला फार हुशारी लागली नव्हती. आमच्या लोकांचं गप्प राहणं त्याला पुरलं. आता माझा मुलगा पहिलं घर बघतोय. रामघाटावर सकाळी फिरायला गेलो की मी भेटेल त्याला त्या घराचं सांगतो, नियम विचारतो. बायको रागावते. काल मात्र ती स्वतःच बहिणीला फोनवर मुलाने पाहिलेल्या फ्लॅटचा मजला सांगत होती.