न्हाऊ घालणाऱ्या मावशी

मुलगी झाल्यावर मी सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. अजून टेंपररीच होते. कायम होण्याआधी पोट दिसलं की ब्रेक देऊन घरी बसवायचे, हे आम्हा सगळ्या बायकांना पाठ होतं. मुलगी चार वर्षांची झाली तरी दुसऱ्याचं काही ठरेना. एक दिवस वाटायचं हवं, दुसऱ्या दिवशी पगाराचं पाकीट हातात आलं की वाटायचं नको.

मुलीच्या वेळी मला न्हाऊ घालायला ज्या मावशी यायच्या, त्यांच्याच हाताखालून आमच्या वसाहतीतली सगळी बाळं गेलेली. बुधवारी कारखान्यातली पाळी सुटल्यावर मी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जायचे. तिथे त्या भेटल्या की प्रश्न ठरलेला.

"ताई, दुसरं कधी?"

भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण एक सांगायचा, सासूबाईंची पत्रं दुसरंच, त्यात ही बाई. एकदा डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "मावशी, तुम्हाला काम मिळावं म्हणून बाळंत होऊ का मी?"

त्या मेथीची जुडी पिशवीत कोंबून निघून गेल्या. तसं मी खोटं बोलले नव्हते. वसाहतीतल्या बायका कारखान्यांत जायला लागल्यापासून मावशींची सकाळची घरं कमीच होत चालली होती. पण ते वाक्य मला दिवसचे दिवस टोचत राहिलं.

मग एका रविवारी त्या दारात उभ्या. सोबत नुकतं लग्न झालेली लेक. मला वाटलं, भांडायलाच आल्या.

"हिला तुमच्या कारखान्यात लावा ताई. आन् कायम होईस्तोर पोर कसं टाळायचं, ते बी तुम्हीच सांगा. मला नाय सांगता येत."

मी विचारलं, "मावशी, सगळ्याच असं करायला लागल्या तर तुमचं काय?"

"माझं ऱ्हाऊ द्या. मी सहा काढली, एकाला बी धड शिकवलं नाय. हिचं बघा."

बोलता बोलता त्यांनी माझ्या मुलीला मांडीवर ओढलं होतं आणि सवयीने तिची पाठ चोळत होत्या. मी चहा ठेवायला उठले. लाज वाटत होती.

लेक लागली. पुढच्या वर्षी मीही कायम झाले. आता दुसरं चाललं असतं. मावशी बुधवारी भेटायच्या, मुलीची चौकशी करायच्या, भाजीचे भाव सांगायच्या. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. मी उगाच त्यांच्याजवळ घुटमळत राहायचे. एकदा जरी विचारलं असतं, तरी मी हो म्हणाले असते.