मेहुण्यांच्या रिळातला गाळ

माणूस किती गलिच्छ असू शकतो हे मला मासेमारीची, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायची, रिळं उघडायला लागल्यावर कळलं. बाहेरून चकचकीत, निळंजांभळं, तळहातावर घेतलं की दागिन्यासारखं वाटणारं यंत्र. झाकण काढावं, तर आत खोबरेल तेल. डोक्याला लावतात तेच. थंडीत थिजतं, उन्हाळ्यात खवट होतं आणि दातेरी चाकांवर असा पिवळा थर धरतं की टाचणीनं खरवडावा लागतो. एका गृहस्थांच्या रिळात मुंग्यांनी संसार मांडला होता, कारण ते आमिषाच्या कणकेनं बरबटलेल्या हातानंच मूठ फिरवायचे. दुसऱ्या एकानं ओलं रीळ पिशवीत गांडुळांच्या डबीशेजारी टाकलं आणि पुढच्या मोसमात आठवण झाल्यावर माझ्याकडे आणलं. डबीचं झाकण सैल होतं. पुढचं सांगत नाही.

मी स्वतः मासे पकडत नाही आणि खातही नाही. सदाशिव पेठेत वाढलो, नोकरी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याची, आणि निवृत्तीनंतर वारज्याला फ्लॅटमध्ये आलो. कारखान्यातला एक सहकारी मला एकदा सोबत म्हणून तलावावर घेऊन गेला. मला पाण्यात काही दिसलं नाही, माशातही नाही. पण त्याच्या हातातलं ते बेटकास्टिंगचं रीळ मी दिवसभर बघत बसलो. ते काठीच्या वरच्या अंगाला आडवं बसतं. आमिष फेकलं की दोऱ्याचं चाक स्वतःच गरगरतं, आणि त्याचा वेग अंगठ्यानं आवरावा लागतो. अंगठा चुकला की दोऱ्याचा असा गुंता होतो की मोठमोठी माणसं रडकुंडीला येतात. आतली बेअरिंगं वाटाण्याएवढी, स्प्रिंगा फुंकरीनं उडतील अशा. मी त्या दिवशी हौसेनं ते खोलून, पुसून, परत जोडून दिलं. मग त्याच्या मित्रांची रिळं येऊ लागली. मागच्या बाल्कनीत माझं टेबल लागलं. स्पिरिटची बाटली, जुने टूथब्रश, कापसाच्या काड्या, चिमटा, आणि सुटे भाग क्रमानं ठेवायला बर्फाचा ट्रे.

"त्या ट्रेमध्ये पुन्हा बर्फ लावायचा नाही," बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं. "आणि माझ्या घासणीला हात लावलात तर बघा."

माझी बायको भंडाऱ्याची. तिकडे तलावच तलाव, आणि तिचे वडील दर आठवड्याला गावच्या तलावातून मासे घेऊन यायचे. लग्नानंतर तिनं माझ्याखातर पुष्कळ सोडलं, मासे मात्र सोडले नाहीत. त्यांची भांडी वेगळी, शेगडी वेगळी, खिडकी उघडी, आणि मी बैठकीच्या खोलीत. असा आमचा तह होता. पुण्यातला बाजारचा मासा तिला आवडायचा नाही. "बर्फाची चव लागते," म्हणायची.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे मेहुणे, नोकरीनिमित्त तिच्याआधीच पुण्यात आलेले. मासेमारीचा त्यांना भारी नाद. वडील गेल्यावर त्यांनी हा एक नेम सुरू केला. रविवारी सकाळी गळ टाकायला जायचं, आणि दुपारी बहिणीच्या दारात हजर. हातातली पिशवी वर करून म्हणायचे, "पानशेतचे आहेत! धरणाच्या मागच्या पाण्यातले. आत्ताच काढले."

बायकोचा चेहरा असा उजळायचा की मलाही वास सहन व्हायचा. ती मासे साफ करायला बसायची, आणि दोघं त्यांच्या बोलीत गावाकडच्या गप्पा मारायची. मेहुणे जेवायला मात्र थांबायचे नाहीत. "नाही वं, मी तिकडेच खाऊन आलो," किंवा "आज पोट ठीक नाही." चहा घेऊन निघून जायचे. बहिणीला पुरावं म्हणून ते स्वतःचा वाटाही सोडतात, असं आम्हा दोघांना वाटायचं. मी त्यांचं कौतुक चारचौघांत केलेलं आहे.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ते त्यांचं रीळ घेऊन आले. "भाऊजी, मूठ फिरवली की कुरकुर करते हो हे. खोलून पाहाल का जरा?"

रीळ जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. टॉवेल उलगडला आणि मी खुर्ची मागे सरकवली. वास माशाचा नव्हता. माशाचा वास मला ओळखीचा झाला होता, तो आवडत नसला तरी त्यात पाणी असतं, शेवाळ असतं. हा तुंबलेल्या मोरीचा वास होता, आणि त्यावर चरबीचा खवट थर.

"हे कुठं पडलं होतं का?" मी विचारलं.

"नाही बा. पाऊस होता ना, भिजलं असेल," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते उघडायला घेतलं. मूठ हातमोज्यांना चिकटत होती. तिच्यावर पिवळट चरबी होती, आणि त्या चरबीत कोंबडीचा एक बारीक पिसाचा देठ अडकलेला. म्हणजे आमिषाला कोंबडीची आतडी. इथवर ठीक, काही जण वापरतात. पुढं दोरा चाकावर सारखा पसरावा म्हणून एक लहानशी कडी डावीउजवीकडे धावत असते. ती ज्या आट्यांच्या दांड्यावर धावते तो दांडा म्हणजे घाणीचं माहेरघर. धरणावरून आलेल्या रिळात तिथं तांबूस, बारीक माती निघते, सुकल्यावर फुंकरीनं उडणारी. कित्येक रिळांत मी तीच बघितली आहे. इथं निघाला काळा, तेलकट, डांबरासारखा गाळ. चिमट्यानं ओढला तर तुटेना. ओढत राहिलो तशी लांब केसांची गुंडाळी बाहेर आली. माणसाचे केस. त्यात दुधाच्या पिशवीची कातरलेली पट्टी, एक लाल दोऱ्याचा तुकडा, आणि चिकटपट्टीसारखं काहीतरी मऊ, ज्याची ओळख पटवायची माझी इच्छा नव्हती.

 हातमोजे काढले, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले.  बाल्कनीच्या कठड्याला धरून उभा राहिलो आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा गाळ मी रोज बघतो. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा पुलावरून खाली बघतो, जिथं नाला नदीला मिळतो. पाणी काळं, वर फेस, काठावर पिशव्यांचे ढीग. आणि तिथं गळ टाकून बसलेले लोकही बघतो, कारण नाल्याच्या तोंडाशी मांगूर आणि चिलापी हे घाणीत वाढणारे मासे भरपूर लागतात.

मेहुणे पानशेतला जात नव्हते. कधीपासून जात नव्हते कुणास ठाऊक.

बायको आत भाजी निवडत होती. हे तिला कसं सांगावं याचा विचार करण्याइतकाही मी सावरलेला नव्हतो. सरळ म्हणालो, "अगं, ऐकतेस का? दादा मासे पानशेतचे आणत नाहीत. नदीतले आणतात. इथल्या. पुलाखालच्या."

तिनं निवडायचं थांबवलं नाही. "हो का," एवढंच म्हणाली.

"हो का काय? तू खाल्लेस ते!"

"मला चव कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" तिनं वर बघितलं. "गेल्या वर्षापासून रॉकेलसारखा वास येतो. कितीही लिंबू लावा, हळद लावा, जात नाही. पोटात गेल्यावर संध्याकाळपर्यंत ढेकर येतात त्याचे."

"मग खाल्लेस कशाला?"

"दादा आणतो म्हणून." मग एक देठ मोडून, "त्यालाही तेच खावं लागत असेल, असं मनात यायचं. त्याची जागा बदलली असेल, काही अडचण असेल. त्याला लाजवायचं कशाला?"

मला तिच्याकडे बघवेना. ज्या घासाची किळस येत होती तो घास भावासाठी गिळणं, आणि ते वर्षभर, हसतमुखानं! मला त्या क्षणी त्या काळ्या गाळापेक्षा या प्रेमाचीच जास्त शिसारी आली. हे मी तिला बोललो नाही.

रीळ मात्र मी पूर्ण केलं. उघडं टाकून उठणं मला जमत नाही. प्रत्येक भाग रॉकेलात बुडवला, ब्रशनं घासला, स्पिरिटनं धुतला. धुवण आधी काळं, मग राखाडी, मग स्वच्छ. बेअरिंगांत तेलाचा एकेक थेंब, चाकांना हलकं ग्रीस. आट्यांचा दांडा पांढऱ्या कापडावर घासून बघितला, डाग उठेना. जोडून मूठ फिरवली तेव्हा कुरकुर गेली होती. ब्रश आणि कापड पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं. ट्रेही टाकला.

रविवारी मेहुणे आले, हातात पिशवी. "पानशेतचे..." त्यांनी सुरुवात केली.

मी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं रीळ पुढं केलं. "घ्या. झालं. आत नदी निघाली."

"काय निघालं?"

"मुठा निघाली हो, मुठा. केसांसकट. धरण काही सापडलं नाही."

ते दारातच उभे राहिले. पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि माझं लक्ष त्या थेंबांवरून हटेना. मग ते आत येऊन बसले आणि बोलू लागले. गुडघे गेले, मागच्या पाण्यावर उतरायची वाट चढवत नाही. त्यांची नेहमीची जागा होती तिथं कुणाच्या तरी फार्महाऊसचं कुंपण आलं. दोनतीन रविवार रिकाम्या हातांनी परतले. मग एकदा इथंच गळ टाकला, लगेच लागला. "बाबा कधी रिकामे यायचे नाही ना," बहिणीकडे बघून म्हणाले. "तू दाराकडे डोळे लावून बसते. अन् मी मीठ-हळदीत ठेवून, पाच पाण्यानं धुऊनच आणतो हो. मासा तर मासाच असते."

बायको सगळं ऐकत होती. तिचा राग नव्हताच, मला दिसत होतं. ती त्यांना माफ करून मोकळी झाली असती, पाणी आणायला उठलीसुद्धा. जाता जाता सहज म्हणाली, "आणि तुझ्या घरी? वहिनी कसे करते ते? रस्सा?"

मेहुण्यांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"दादा?"

"ती घरात घेत नाही."

"म्हणजे तू इथंच..." ती थांबली. "तू खातोस ना?"

त्यांनी टॉवेलाची घडी मांडीवर सरळ केली. "मला नाही जात ते," म्हणाले. "वास येते."

बायको उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती मोरीत गेली आणि तिला उलटी झाली. वर्षभराचं पोटात राहिलेलं सगळं त्या एका वाक्यानं बाहेर काढलं. मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिनं झटकला.

बाहेर येऊन तोंड पुसत म्हणाली, "मी समजत होते आपण दोघंही खातो."

"तुला आवडते म्हणून..."

"पिशवी घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

ते गेले. रीळ आणि टॉवेल बैठकीतच राहिलं. तिनं फ्रीझरमधलं सगळं काढलं, सोडा टाकून फ्रीझर धुतला. माशांची कढई, परात, विळी, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. भंगारवाल्यानं कढईचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

काही महिने त्यांचं बोलणं बंद होतं. भाऊबीजेला मेहुणे आले तेव्हा हात रिकामे होते, आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. तिनं पाट मांडला, ओवाळलं, जेवायला वाढलं. दोघं गावाकडचं बोलली, पण जपून, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी. रिळाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. ते माझ्या कपाटात आहे. आता कधी चालवून बघतो, चाक अगदी निःशब्द फिरतं, आणि तरी हात धुतल्याशिवाय मी दुसऱ्या कामाला लागत नाही.

हल्ली मेहुणे महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. बायको बाजारातून समुद्राचा मासा आणते, तीच बर्फाची चव असलेला, नव्या कढईत करते. मी बैठकीत बसतो, पण तिथून स्वयंपाकघर दिसतं. ती आधी भावाला वाढते आणि हातातला डाव तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते. त्यांना ते समजतं. मान खाली घालून ते पहिला घास चावतात, गिळतात. मग ती स्वतःचं ताट घेते.